चित्रकार नेमका कुठे बसला होता?

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याहून कुठल्याही वाटेनं बाहेर पडा, डोळ्यांसमोर जवळपास तेच येतं. भाताच्या बांध्या, धुऱ्यांवर तुरीची रांग, मध्येच मोहाचं एखादं जुनं झाड. जमीन जराशी उचललेली दिसली, तर ती टेकडी नसते, तलावाची पाळ असते. आता समजा, इथल्या एखाद्या घराच्या माळ्यावरून कागदाची गुंडाळी निघाली आणि तिच्यात जलरंगातलं एक निसर्गचित्र सापडलं. समोर पाणी, पलीकडे तीन झाडं, झाडांमागे कळसाचं टोक. मागच्या बाजूला गावाचं नाव नाही, तारीख नाही, सहीचं पहिलं अक्षर तेवढं उरलेलं. चित्र उघडच जागेवर बसून काढलेलं आहे, कारण डाव्या कोपऱ्यात रंग ओला असताना उडालेली धूळ चिकटलेली दिसते. हा माणूस कुठे बसला होता?

हे शोधून काढता येतं. चित्रातली जागा ओळखण्याचा हा एक चिकाटीचा उद्योग आहे, आणि त्याला पायपीट, भूगोल, वनस्पतींची ओळख, जुने नकाशे आणि गावातली म्हातारी माणसं या सगळ्यांची गरज लागते. मात्र सपाट धानपट्ट्यातलं चित्र हा त्यातला सगळ्यात अवघड पेपर. त्यामुळे आधी डोंगराळ मुलुखात जाऊ, तिथे हात बसवू, मग कामठ्याला परत येऊ.

रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पुढे ज्याच्या नावाची बँक झाली तोच हा. पश्चिम हिंदुस्थानातली दृश्यं, वेशभूषा आणि वास्तू यांवरचं त्याचं मोठं चित्रमय पुस्तक 1826 ते 1830 या काळात लंडनला भागाभागांनी निघालं. त्यात एका चित्राखाली दख्खनमधल्या ज्या गावाचं नाव आहे, ते इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर ‘सासूर’ होतं. नकाशावर सासूर शोधू गेलात तर दिवस फुकट जाईल. ते सासवड आहे. त्याच पुस्तकात मुंबईजवळच्या ‘कॅलियान’चं सकाळचं दृश्य आहे, ते कल्याण. या शोधाची पहिली पायरी डोळ्यांची नसून कानांची आहे. गोऱ्या माणसाच्या कानावर गावाचं नाव कसं पडलं असेल, हे मोठ्यानं उच्चारून पाहावं लागतं. नाव सांगणारा पालखीचा भोई होता, की मुन्शी होता, की तेलुगू बोलणारा शिपाई, यावरही स्पेलिंग बदलतं.

दुसरी अडचण अशी, की त्या काळच्या छापील चित्रात तीन-तीन हात असत. जागेवर रेखाटन करणारा एक, लंडनमध्ये बसून ते नेटकं चित्र करणारा दुसरा, तांब्याच्या पत्र्यावर ते उतरवणारा तिसरा. दुसऱ्यानं आणि तिसऱ्यानं सासवड जन्मात पाहिलेलं नसे. वडाच्या पारंब्या त्यांना ऐकून माहीत, नारळ आणि ताड यांतला फरक त्यांच्या लेखी गौण. म्हणून अशा चित्रात झाडांवर विश्वास कमी ठेवावा आणि दगडावर जास्त. सासवडला कऱ्हा आणि चांबळी यांचा संगम आहे, संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, पुरंदऱ्यांचा तटबंदीचा वाडा आहे. या गोष्टी एकमेकींपासून किती अंतरावर आणि कुठल्या क्रमानं दिसतात, हे कुणा कोरक्याला मनानं रचता येत नाही. तो क्रम जागेवरूनच आलेला असतो.

क्रमाची ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर सासवडहून पुरंदरकडे पाहावं. पुरंदर आणि वज्रगड ही जोडगोळी. वज्रगड पुरंदरच्या पूर्वेला. सासवड दोन्ही गडांच्या ईशान्येला असल्यामुळे तिथून पाहताना वज्रगड डाव्या हाताला दिसतो. शिरवळच्या बाजूनं, म्हणजे दक्षिणेकडून पाहिलं तर तोच उजव्या हाताला जातो. जेजुरीकडून पाहिलं तर वज्रगड पुढे आणि पुरंदर त्याच्या पाठीशी, दोघं एकमेकांत मिसळतात. म्हणजे चित्रात हे दोन माथे कसे आलेत एवढ्यावरून चित्रकार कुठल्या तालुक्याच्या बाजूला होता हे घरबसल्या सांगता येतं. एकच खबरदारी घ्यायची. पत्र्यावर जसं कोरलं जातं त्याच्या उलट कागदावर उमटतं. चांगला कोरक्या आधीच चित्र उलटं करून घेई, पण प्रत्येक वेळी ते होतंच असं नाही. काहीही केलं तरी जागा जुळत नसेल, तर चित्रासमोर आरसा धरून पाहावा.

आता बारकाईचं काम. जवळचं देवळाचं टोक लांबच्या डोंगराच्या खिंडीवर बरोबर आलेलं दिसतं. याचा अर्थ देऊळ आणि खिंड जोडणारी रेषा आपल्याकडे वाढवली की चित्रकार त्या रेषेवर कुठेतरी बसलेला आहे. अशीच दुसरी जोडी मिळाली, समजा घाटाचा कोपरा आणि वाड्याचा बुरूज, की दुसरी रेषा मिळते. दोन रेषा छेदतात तिथे त्याचं बूड टेकलेलं होतं. कोकणातले मच्छीमार भर समुद्रात माशांची जागा लक्षात ठेवतात ती याच रीतीनं: किनाऱ्यावरचं एक झाड आणि मागच्या डोंगराचं शिखर एका रेषेत धरायचं, आणि आडव्या बाजूला तशीच दुसरी जोडी धरायची. पाण्यावर खूण ठेवता येत नाही, म्हणून ते जमिनीकडून खूण उसनी घेतात. चित्राच्या बाबतीत आपण तेच उलट्या दिशेनं करतो.

प्रत्यक्ष जागेवर गेलात की एक चमत्कार अनुभवाला येतो. हातात चित्राची प्रत धरून तुम्ही शेताच्या कडेनं चालत असता. डोंगर जुळतात, पण देऊळ जरा उजवीकडे पडतं. दहा पावलं डावीकडे सरकता, देऊळ जागेवर येतं, पण आता बुरूज झाकला जातो. चार पावलं मागे जाता आणि एकदम सगळं कुलपात किल्ली बसावी तसं बसतं. लांबचे डोंगर शंभर पावलं चाललं तरी हलत नाहीत, जवळचा दगड एका पावलात हलतो. म्हणून लांबच्या खुणांनी गाव सापडतं आणि जवळच्या खुणांनी बैठक सापडते. शेवटी गुडघे वाकवून खाली बसायचं. उभ्या माणसाला कुंपणापलीकडचं जे पाणी दिसतं ते बसलेल्याला दिसत नाही. आउटडोअरला गेलेला चित्रकार बहुतेक वेळा घडीच्या स्टुलावर किंवा सरळ जमिनीवर बसतो, हे विसरून उभ्यानं शोधणारे थोडक्यात चुकतात.

पण हे सगळं करण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: हा चित्रकार त्या जागी गेला तरी होता का? वेरूळच्या लेण्यांची चोवीस भव्य दृश्यं थॉमस डॅनिएलच्या नावानं 1803 मध्ये प्रसिद्ध झाली. डॅनिएल वेरूळला गेला नव्हता. ती चित्रं त्यानं जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केली. वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईला उतरला, पुण्याच्या दरबारात त्यानं सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं केली, आणि 1795 मध्ये साष्टीच्या मुलुखात तो वारला. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारात 1790 चा तह करतो आहे, असं एक प्रचंड तैलचित्र आहे. तेही डॅनिएलनं 1805 मध्ये विलायतेत, वेल्सच्या कागदांवरून पुरं केलं. तह झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात पोचलेलासुद्धा नव्हता, आणि ज्या शनिवारवाड्यात हा दरबार भरायचा त्याच्या आतल्या इमारती 1828 च्या आगीत गेल्या. अशा चित्रापुढे ‘बैठक कुठली?’ हा प्रश्न लागू पडत नाही. तिथे विचारायचं ते, की कुठला तुकडा कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

आणि वेल्सच्या बरोबरीनं, माझ्या मते त्याच्याआधीही, ज्याचं नाव घ्यायला हवं तो माणूस आपला आहे. गंगाराम तांबट. मॅलेटच्या पदरी काम करणाऱ्या या पुणेकर कारागिरानं कार्ले आणि वेरूळ इथली लेणी जागेवर जाऊन रेखाटली. त्याच्या नावावर असलेली बरीच चित्रं आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत, त्यांत पर्वतीच्या टेकडीचंही दृश्य आहे. पुण्यात राहणाऱ्या कुणीही त्याची प्रत घेऊन एका सकाळी सिंहगड रस्त्याच्या बाजूनं फिरायला निघावं, इतकी ही जागा आपल्या ओळखीची आहे. पर्वतीवरचं देवस्थान नानासाहेब पेशव्यांचं, 1749 चं. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनीच तळं करवलं होतं आणि तळ्यातल्या बेटावर पुढे गणपतीचं देऊळ झालं. ते पाणी आता नाही. तिथे सारसबाग आहे, आणि तळ्यातला गणपती हे नाव मात्र कोरड्या जमिनीवर टिकून राहिलं आहे. पर्वतीच्या चित्रात पायथ्याशी पाणी चमकत असेल, तर ते चित्र कुठल्या काळाच्या अलीकडचं नाही, हे तिथेच ठरतं. जागा शोधायला निघालेला माणूस असा वाटेत काळही शोधून आणतो.

सगळेच चित्रकार शोधणाऱ्याला इतके दमवत नाहीत. एडवर्ड लियर हा इंग्रज चित्रकार वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, 22 नोव्हेंबर 1873 रोजी मुंबई बंदरात उतरला. बरोबर जॉर्जिओ नावाचा त्याचा जुना नोकर. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या आमंत्रणावरून आलेला हा प्रकृतीनं अधू माणूस 1875 च्या जानेवारीपर्यंत हिंदुस्थानभर फिरला. मुंबई, पुणे, महाबळेश्वर ही आपली ठिकाणंही त्याच्या वाटेवर होती. त्याची पद्धत ठरलेली. जागेवर पेन्सिलीनं झपाट्यानं रेखाटन करायचं, कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि बहुतेकदा वेळसुद्धा लिहायची, चित्राला क्रमांक द्यायचा, आणि रंग भरायला सवड नसल्यानं प्रत्येक भागात रंगाचं नाव लिहून ठेवायचं: इथे पिवळट हिरवा, तिथे जांभळी सावली. खडकांसाठी तो इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम मोडून लिहायचा. नंतर मुक्कामी परतल्यावर शाई आणि हलके जलरंग. त्याच्या रेखाटनांचा मोठा साठा हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. विद्या देहेजिया यांनी त्याच्या भारतातल्या जलरंगांवर 1989 मध्ये पुस्तक लिहिलं. हा क्रमांकांचा, तारखांचा आणि वेळांचा धागा धरला की त्याच्या मागोमाग फिरता येतं. एका माणसाच्या पेन्सिलीच्या चार अक्षरांनी दीडशे वर्षांनंतरच्या अभ्यासकाचे महिने वाचतात.

जिथे अक्षरं नसतात तिथे काय होतं, त्याचं सगळ्यात हृदय हलवणारं उदाहरण फ्रान्समधलं आहे. व्हॅन गॉगचं झाडांच्या मुळांचं चित्र त्याचं अखेरचं मानलं जातं. 1890 च्या जुलैत ऑव्हेर या गावी त्यानं ते काढलं आणि 29 जुलैला तो गेला. गुंतलेली मुळं, निळे-हिरवे पट्टे. कुणी म्हणायचे हे जवळजवळ अमूर्त चित्र आहे. 2020 मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत वाउटर व्हान डर वेन हा अभ्यासक घरी बसून त्या गावाची जुनी पोस्टकार्डं पाहत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका पोस्टकार्डावर रस्त्याकडेची दरड होती, दरडीत उघडी पडलेली मुळं होती, आणि त्या मुळांची वळणं चित्रातल्याशी जुळत होती. टाळेबंदी उठल्यावर जागेवर जाऊन पाहिलं. मुख्य बुंधा अजून तिथे होता. व्हॅन गॉग राहत होता त्या खाणावळीपासून जेमतेम दीडशे मीटरवर. अमूर्त वाटणारं चित्र एका खऱ्याखुऱ्या दरडीचं निघालं. चित्र काढण्याच्या त्याच्या शेवटच्या दिवशी तो कुठपर्यंत चालत गेला होता, हेही कळलं. पोस्टकार्डावरचा तो फोटो रस्त्याचा आणि त्यावरच्या एका सायकलवाल्याचा होता, मुळांसाठी काढलेला नव्हता. जुने फोटो टाकून देऊ नयेत ते यासाठी.

त्याच चित्रकाराच्या चंद्रोदयाच्या चित्राचं काम खगोलशास्त्रज्ञांनी केलं. टेक्सासच्या डोनाल्ड ओल्सन यांच्या गटानं सेंट-रेमीला जाऊन चित्रातला कडा आणि घर शोधलं, चंद्र कड्याच्या नेमक्या कुठल्या भागाआडून वर येतोय ते मोजलं, कापणी झालेल्या गव्हावरून हंगाम ठरवला, आणि उत्तर आलं: 13 जुलै 1889, रात्री 9 वाजून 8 मिनिटं. आधी जागा, मग वेळ, या क्रमाशिवाय हे होणार नव्हतं.

या विद्येला पदवी लागत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कॅनडातल्या ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या चित्रकार मंडळींनी रानात, तळ्याकाठी बसून छोट्या फळ्यांवर चित्रं केली. जिम आणि स्यू वॉडिंग्टन या जोडप्यानं 1977 पासून होडीतून आणि पायी हिंडत त्या जागा शोधल्या. सुट्ट्यांमध्ये, हौसेनं, तीन तपांहून जास्त काळ. आपल्याकडे इटालियन छायाचित्रकार अंतोनिओ मार्तिनेल्ली यांनी डॅनिएल काका-पुतण्यांच्या चित्रांमागे फिरून त्याच जागांचे फोटो घेतले आणि जॉर्ज मिशेल यांच्यासह 1998 मध्ये ते पुस्तकरूपानं मांडले. घारापुरी आणि कान्हेरी त्या डॅनिएल चित्रमालिकेत आहेत. हा उद्योग गोदाघाटाच्या किंवा रंकाळ्याच्या चित्रांसाठी आपण मराठी माणसांनी अजून पुरेशा गांभीर्यानं केलेला नाही, याची मला खंत आहे.

कोल्हापूर घ्या. आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि त्या परिसराची, पाण्याची, झाडांची चित्रं करत राहिले. 1931 मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर कोल्हापुरातल्या चित्रकारांच्या पिढ्या पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्याच्या काठावर बसल्या. चंद्रकांत मांडरे सिनेमातले मोठे नट, पण हाताला रंग लागलेला असेल तेव्हाच खरे सुखी असणारे. त्यांनी राजारामपुरीतलं आपलं घर आणि चित्रं सरकारला दिली, तिथे आज संग्रहालय आहे. या शहरातल्या चित्रांसाठी निसर्गानं एक मोजपट्टी ठेवली आहे, ती म्हणजे रंकाळ्यातला संध्यामठ. पाणी चढलं की हा दगडी मंडप बुडत जातो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पायथ्यासकट उघडा होतो. चित्रात त्याचे किती थर दिसतात ते मोजलं की ऋतूचा अंदाज येतो, आणि त्याच्यामागे काठावरचं काय दिसतं यावरून बैठक कळते. पंचगंगेच्या घाटावरची लहान देवळंही तशीच पावसाळ्यात पाण्याखाली जातात.

नाशिकला गोदाघाटावर पाण्याची मोजपट्टी म्हणजे दुतोंड्या मारुती. पूर किती आला हे नाशिककर अजूनही त्याच्या गुडघ्या-कमरेवरून सांगतात. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांनी हा परिसर वर्षानुवर्षं रंगवला. पण तिथली जुनी चित्रं जुळवायला गेलं तर पायाखालची फरशीच बदललेली आहे. कुंभमेळ्याच्या निमित्तानं घाटांची कामं झाली, कुंडांचे तळ काँक्रीटचे झाले, पायऱ्यांच्या रेषा सरकल्या. वर नारोशंकराचं देऊळ मात्र आहे तिथेच आहे. कळस जुळतात, पायऱ्या जुळत नाहीत. अशा वेळी जुनं चित्र हाच पुरावा होतो, की कुंडं पूर्वी कशी होती.

चित्रकार खोटं बोलतात का? थोडंसं, हो. डोंगर आहे त्याहून उंच आणि उभा काढण्याची ओढ बहुतेक सगळ्या हातांना असते. सेझानच्या जागांचे फोटो काढून अर्ल लोरान यांनी 1943 मध्ये पुस्तक केलं, त्यात हे शेजारी-शेजारी ठेवून दाखवलेलं आहे. कडेचं झाड आत घेणं, मधला विजेचा खांब गाळणं, रिकाम्या रस्त्यावर बैलगाडी घालणं हे तर रोजचंच. पण जागा सापडेपर्यंत हे बदल ओळखू येत नाहीत. बैठक सापडली, तिथे बसलो, आणि चित्रातलं झाड समोर नसून पाठीमागे आहे हे दिसलं, की त्या क्षणी चित्रकाराचं डोकं कसं चाललं ते कळतं. त्याला उजवी बाजू रिकामी वाटली होती. मान वळवून त्यानं ते झाड पुढे आणून लावलं. जागा शोधायची ती मुख्यतः यासाठी.

आता कामठ्याला परत येऊ. इथे वज्रगड नाही, संध्यामठ नाही. मग?

पहिली गोष्ट तलावाची. पूर्व विदर्भातले हे तलाव मालगुजारीच्या काळातले, म्हणून आज सरकारी कागदात माजी मालगुजारी आणि बोलण्यात ‘मामा तलाव’. त्यांची घडण सारखी असते. उतारावर आडवी मातीची पाळ, पाळीला लागून सगळ्यात खोल पाणी, पाणी सोडायला तुडूम, खालच्या अंगाला भिजणाऱ्या बांध्या. पाळीच्या समोरचा काठ मात्र उथळ, दलदलीचा, हळूहळू शेतात विरणारा. म्हणून चित्रात पाण्याची पलीकडची कड सरळ, उंच आणि झाडांनी भरलेली असेल, तर चित्रकार उथळ बाजूला बसून पाळीकडे पाहत होता. पलीकडची कड वेडीवाकडी आणि गवताळ असेल, तर तो पाळीवर बसला होता. आपल्या माळ्यावरच्या चित्रात झाडं आणि कळस पाण्यापलीकडे उंचावर आहेत. म्हणजे देऊळ पाळीवर किंवा पाळीमागे. परिसरातल्या शंभर शक्यतांतून एका फटक्यात थोड्याच उरतात.

दुसरी गोष्ट सावलीची. कामठा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण साडेएकवीस अंशांवर आहे. त्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि आखूड सावली दक्षिणेला पडते. बाकी वर्षभर दुपारची सावली उत्तरेकडे. सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या तर सरळ दिशाच सांगतात. फक्त सकाळ की संध्याकाळ ते ठरवावं लागतं, आणि ते चित्रातल्या माणसांवरून ठरतं: गुरं गावाबाहेर चालली आहेत की परत येताहेत?

तिसरी गोष्ट शेताची. बांधीत पाणी आणि वाकलेल्या बायका असतील तर रोवणी, म्हणजे जुलै-ऑगस्ट. धान पिवळा पडला असेल तर दिवाळीच्या आगेमागे. कापलेल्या धानाच्या बुडख्यांमध्ये हिरवा पातळ थर असेल तर लाखोरी, म्हणजे हिवाळा. पळस पेटलेला असेल तर फाल्गुन. मोहाखाली टोपल्या घेऊन बायका-पोरं असतील तर चैत्र. आणि बांधीत लाल डोक्याच्या, माणसाच्या उंचीच्या राखाडी पक्ष्यांची जोडी उभी असेल, तर ते सारस. आज महाराष्ट्रात सारस पाहायचे तर मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच यावं लागतं. चित्रकारानं हौसेनं घातलेले ते दोन ठिपके जिल्हा सांगून जातात. छपरं कवेलूची की पत्र्याची, खांबांवर तारा आहेत की नाहीत, यावरून दशक कळतं.

एवढं झालं की कागदांकडे वळायचं. कामठा ही जुनी जमीनदारी. हा मुलूख 1956 पर्यंत मध्य प्रांत आणि नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशात, नागपूर राजधानी असताना होता. पुढे मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. त्यामुळे जुने दाखले भंडाऱ्याच्या नावानं शोधावे लागतात आणि त्यांतले बरेच हिंदीत असतात. गाव नकाशात प्रत्येक तलाव, बोडी, पांदण आणि देवस्थानाची जागा दाखवलेली असते. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत कुठल्या तलावावर गावाचा कसला हक्क हे लिहिलेलं असतं, आणि त्यातून तलावांची जुनी नावं मिळतात. नाव मिळालं की उपग्रहाच्या चित्रावर पाळीची दिशा पाहायची आणि सावलीच्या दिशेशी ताडायची.

आणि हे सगळं करूनही शेवटचा धागा जुळत नसेल, तर चित्र घेऊन पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे जायचं. त्याला ‘हे कुठलं दृश्य?’ असं विचारू नये, तो भिडेखातर काहीतरी सांगेल. ‘आजोबा, इथे मोहाची तीन झाडं होती का?’ असं विचारावं. ज्यानं लहानपणी त्या झाडाखाली फुलं वेचली असतील तो सांगतो, की तीन नव्हती, चार होती, चौथं वीज पडून गेलं, आणि त्या वेळी पाळीवरून वाट पलीकडून जायची. गुराखी, ढीवर, पाणी सोडणारा माणूस, यांच्या इतका त्या जमिनीचा चढउतार कुणाला ठाऊक नसतो. ढिवराला पाण्याखालची जमीनही ठाऊक असते. अनेक चित्रांच्या जागा शेवटी अशाच एका वाक्यानं सापडतात, आणि ते वाक्य बोलणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, शाळेत, वाचनालयात, गावातल्या देवस्थानाच्या खोलीत जागेवर बसून काढलेलं एखादं निसर्गचित्र असेल, मग ते नामांकित हाताचं असो की गावच्या चित्रकलेच्या मास्तरांचं, तर ते या आठवड्यात खाली उतरवा. ज्यांना जागा ठाऊक आहे त्यांना दाखवा. मग मागच्या बाजूला, चौकटीच्या पुठ्ठ्यावर, शाईनं नव्हे तर पेन्सिलीनं लिहा: गाव, तलावाचं किंवा घाटाचं नाव, चित्रकार कुठे बसला होता, तोंड कुठल्या दिशेला होतं, कुणी सांगितलं आणि आजची तारीख. आणि तुम्ही स्वतः चित्र काढत असाल, तर स्पॉटवरून उठण्याआधी हे लिहून मगच उठा.